माकिवारा उभा करताना: अठरा आठवड्यांची नोंद

कराटेतला माकिवारा म्हणजे ठोसे मारायचा खांब, असं धरून कामाला लागलं की पहिली चूक तिथेच होते. माकिवारा ही जमिनीत रोवलेली लाकडी स्प्रिंग आहे. ठोसा बसला की ती मागे जाते, जाताना विरोध वाढवत नेते आणि परत जागेवर येते. मनगट सरळ होतं का, कोपर बाहेर गेलं होतं का, मागची टाच उचलली गेली का, हे ती त्याच क्षणी हाताला सांगते. नुसता न वाकणारा खांब यातलं काही सांगत नाही, तो फक्त मनगट आणि खांदा दुखवतो. आमचे अठरा आठवडे मुख्यतः ही स्प्रिंग जमवण्यात गेले. त्याची ही नोंद, आकड्यांसकट आणि चुकांसकट.

शोधायला बसाल तर एक घोळ होईल, तो आधीच सांगतो. जपानीत ‘माकि’ म्हणजे गुंडाळलेलं आणि ‘वारा’ म्हणजे पेंढा. जपानी धनुर्विद्येत सरावासाठी पेंढ्याचा जो मोठा गठ्ठा वापरतात, त्यालाही माकिवाराच म्हणतात. आपल्याला हवा तो ओकिनावाच्या कराटेतला. त्यातही गोल आणि चपटा असे प्रकार आहेत. इथे लिहिलंय ते चपट्या, जमिनीत रोवायच्या माकिवाराबद्दल.

पहिला आठवडा: माप आणि अर्ज

माप पट्टीने घेण्याआधी शरीराने घ्यायचं. भिंतीसमोर झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून आणि मागचा पाय सरळ ठेवून, उभं राहायचं, रोजच्या सरावात जितकं खाली बसतो तेवढंच खाली बसायचं आणि छातीच्या मध्याच्या रेषेत ठोसा पूर्ण सोडायचा. मूठ जिथे टेकेल तिथे खडूची खूण. ही खूण म्हणजे गादीचा, खांबाच्या वरच्या टोकाला ठोसा जिथे बसतो त्या दोर गुंडाळलेल्या भागाचा, मध्य. सरळ उभं राहून माप घेतलं तर माकिवारा हमखास उंच होतो, आणि मग ठोसा मारताना खांदा वर चढायची सवय लागते. आमच्या गटातल्या सहा जणांच्या खुणा १०७ ते ११८ सेंटिमीटरमध्ये आल्या. मध्य ११३ धरला. गादी २५ सेंटिमीटर उंचीची ठेवली की एवढा फरक तिच्यात सामावतो. म्हणून जमिनीवरची उंची ठरली १२५ आणि जमिनीखाली ७५. एकूण २०० सेंटिमीटर. जमिनीत निदान एक तृतीयांश तरी हवाच.

जागा सामाईक अंगणातली होती, त्यामुळे खड्ड्याआधी कागद आला. तोंडी ‘चालेल की’ मिळालं होतं, पण त्यावर थांबू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याच्यासोबत एका पानाचं चित्र जोडा. खड्डा किती लांब-रुंद-खोल, भिंतीपासून आणि झाडापासून किती अंतरावर, वर काय दिसणार, वापर किती ते किती वाजेपर्यंत, काढून टाकायची वेळ आली तर जमीन पूर्ववत कोण करणार. आमच्या पहिल्या अर्जात शेवटचा मुद्दा नव्हता, म्हणून तो परत आला. दुसऱ्यांदा दिला तेव्हा दोन अटी पडल्या: वापर नसेल तेव्हा गादीवर कुलूपबंद आवरण असावं, म्हणजे लहान मुलं येता-जाता हात आपटणार नाहीत, आणि खोदण्याआधी पाण्याची व विजेची लाइन कुठून गेलीय ते नकाशावर दाखवून सही घ्यावी. दुसरी अट जाचक वाटली होती, पण ठरवलेल्या जागेपासून जेमतेम ६० सेंटिमीटरवरून पाण्याची लाइन गेलेली निघाली. खड्डा दीड मीटर सरकवला. अर्ज ते परवानगी असे १९ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत लाकूड वाळत होतं, त्यामुळे वेळ फुकट गेला नाही. लाकूड आणि अर्ज एकाच आठवड्यात सुरू करा, हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

लाकूड: वखारीत काय पाहायचं

कुदळ, कुऱ्हाड, हातोडा यांच्या दांड्यांना जे लाकूड लोक वापरतात ते माकिवाराला चालतं. काम तेच आहे, धक्का खायचा आणि तुटायचं नाही. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड उत्तम. ते नाही मिळालं तर चिवट आणि सरळ रेषांचं कुठलंही कठीण लाकूड. जातीपेक्षा फळी कशी आहे हे जास्त महत्त्वाचं. दोन गोष्टींवर अजिबात तडजोड नको. एक, वाकणाऱ्या भागात गाठ नको, बोटाच्या नखाएवढीसुद्धा. दोन, रेषा फळीच्या लांबीला समांतर हव्यात. फळीच्या कडेवर पेन्सिलीने एखाद्या रेषेचा माग काढा. १२ सेंटिमीटर पुढे जाताना ती १ सेंटिमीटरपेक्षा जास्त बाजूला सरकत असेल तर ती फळी सोडून द्या. तिरक्या रेषेवर लाकूड मोडत नाही, फाटतं. फाटलेलं लाकूड परत सांधता येत नाही आणि त्याचं टोक सुरीसारखं बाहेर येतं.

आम्ही २१० × १० × ५ सेंटिमीटरची फळी घेतली. वखारीत ती ‘वाळलेली’ म्हणून मिळाली. घरी वजन केलं, ८.१ किलो. दोन्ही टोकांना मेण फासलं, कारण टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं आणि तिथेच चिरा पडतात. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, तीन लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवली. दर रविवारी वजन. दुसऱ्या रविवारी ७.९, तिसऱ्या ७.७, मग उतार मंदावला, आणि आठव्या व नवव्या रविवारी काटा ७.४ वरच थांबला. वजन उतरायचं थांबलं की फळी तिथल्या हवेशी जुळली असं धरायचं. ओलावा मोजायचं यंत्र लागत नाही, साधा वजनकाटा पुरतो. ही वाट पाहणं जिवावर येतं, दर रविवारी वाटतं की आता बस. पण ओल्या फळीला रंधा मारला तर वाळताना ती पिळवटते आणि मेहनत जाते.

दहावा आठवडा: उतार काढणं

सगळं काम इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

फळी सर्व बाजूंनी साफ करून, टोकं कापून २०० × ९ × ४.५ केली. जमिनीजवळ ४.५ सेंटिमीटर जाडी आणि वरच्या टोकाला १.५, असा उतार द्यायचा. खालचे ७५ सेंटिमीटर जसेच्या तसे राहतात. उतार का हवा? सरळ जाड फळी सगळा वाक मुळाशी घेते, वरचा भाग ताठच राहतो. उतारामुळे वाक पूर्ण लांबीवर पसरतो, मासेमारीच्या काठीसारखा. शिवाय जाडीचा हिशेब फार तीव्र आहे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दहा टक्के वाढली की ताठपणा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. लांबीचं उलट. मोकळी लांबी दहा टक्के वाढवली की ताठपणा पाव भागाने कमी होतो. म्हणून एकेका मिलिमीटरची काळजी करायची.

उतार फक्त मागच्या बाजूने काढा. ठोसा बसतो तेव्हा फळी मागे वाकते, म्हणजे आपल्या बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि पलीकडचा दाबला जातो. लाकूड ताणाने फाटतं, आणि सुरुवात होते ती कापल्या गेलेल्या रेषेपासून. समोरच्या बाजूच्या रेषा वरपासून खालपर्यंत अखंड राहिल्या तर फळी कितीतरी वर्षं टिकते.

दोन्ही कडांवर गुण्या आणि लांब पट्टी लावून उताराची रेघ मारली. मग दर दहा सेंटिमीटरवर करवतीने त्या रेघेच्या ३ मिलिमीटर अलीकडेपर्यंत काप दिले आणि कापांच्या मधला भाग पटाशीने उडवला. उरलेलं रंध्याने. रंधा नेहमी जाड भागाकडून पातळ भागाकडे. उलटा मारलात तर पातं रेषांखाली शिरतं आणि लाकडाचा कपचा निघतो. आमच्याकडून एक निघाला, नखाएवढा, टोकापासून ४० सेंटिमीटरवर. मागच्या बाजूला होता आणि रेघेच्या वर होता म्हणून निभावलं.

रेघेपर्यंत जायचं नाही. २ मिलिमीटर राखून थांबायचं आणि चाचणी घ्यायची. चाचणीची रीत सोपी आहे. फळीचे खालचे ७५ सेंटिमीटर भक्कम टेबलावर दोन शिकंज्यांनी आवळायचे, उरलेली १२५ हवेत, समोरची बाजू वर. टोकाची जमिनीपासूनची उंची मोजायची. मग टोकाला २० लिटरचा पाण्याचा कॅन लटकवायचा. भरलेला कॅन म्हणजे २० किलो आणि वर डब्याचं थोडं. पुन्हा उंची मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे वाक. उतार काढण्याआधी तो १.७ सेंटिमीटर होता. रेघेपर्यंत रंधा आल्यावर ३.६ झाला. सरावात नवीन असलेल्या, मध्यम वजनाच्या माणसाला २० किलोला साडेतीन ते चार सेंटिमीटर वाक बरा पडतो. अडीचच्या खाली असेल तर सुरुवातीला तरी वापरू नका, पाचच्या वर असेल तर ठोशाला विरोधच लागत नाही.

टोकाला कॅन लटकलेला असताना बाजूने डोळा लावून बघा. फळीची वळणरेषा एकसारखी दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी कोपरा झाल्यासारखी दिसली तर ती जागा पातळ झालीय, आणि मोडली तर तिथेच मोडेल. अशा वेळी त्या जागेला हात न लावता वरचा-खालचा भाग थोडा थोडा काढून वळण सारखं करायचं. आमच्या फळीला मध्याच्या जरा वर असा कोपरा होता. रंध्याचे हलके पाच-सहा हात वरच्या भागाला मारले, पुन्हा कॅन लटकवला, पुन्हा बघितलं. असं चार वेळा. शेवटच्या वेळी ती रेष एकदम स्वच्छ वाकलेली दिसली, आणि कॅन काढताच टोक वर आलं, थोडं थरथरलं आणि थांबलं. चौघंही न बोलता बघत राहिलो.

ज्यांना एवढी जाड फळी मिळत नाही ते पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून, गाडीच्या पाट्यांसारखा माकिवारा करतात. चांगला होतो, पण पट्ट्या एकमेकींना गोंदाने चिकटवू नका. तीन सुट्या पट्ट्यांचा ताठपणा एका पट्टीच्या तिप्पट असतो. त्याच तीन चिकटवल्या तर सत्तावीस पट होतो. स्प्रिंग करायला जाल आणि तुळई होईल. जमिनीत जाणाऱ्या भागात बोल्टने आवळा, वर सुट्या सोडा.

कडा ३ मिलिमीटर त्रिज्येत गोल केल्या, पॉलिश पेपर मारला आणि जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, एक दिवसाआड एक. इथे एक धोका आहे. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून टाकलं तर ते आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं. फडकं उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

अकरावा ते तेरावा आठवडा: रोवलं, आणि सैल झालं

पारंपरिक पद्धत साधी आहे. खड्डा करायचा, खांब उभा करायचा, दोन आडव्या फळ्या किंवा मोठे दगड लावून माती धुमसाने ठोकायची. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासलं, ८० सेंटिमीटर खड्डा काढला, तळाला खडी टाकली. दोन्ही आडव्या फळ्या खांबाच्या मागे लावल्या, कारण धक्का मागेच जाणार असं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात खांब मुळाशी बोटभर हलायला लागला.

कारण लक्षात घ्या. वर ठोसा बसला की खांब जमिनीच्या पातळीजवळ मागे रेटतो, पण त्याचं खालचं टोक त्याच वेळी पुढे, आपल्या बाजूला, उचकतं. पहारेने दगड उचकटताना होतं तेच. म्हणून वरची आडवी फळी खांबाच्या मागे, जमिनीखाली बोटभर. खालची फळी खांबाच्या पुढे, तळाशी. आमची खालची फळी मागे होती, तिचा काही उपयोग नव्हता. त्यात माती एकदम भरून फक्त वरून ठोकली होती. माती पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर वेगळा ठोकावा लागतो. पाऊस झाला आणि सगळं दिसून आलं.

फळ्या बरोबर लावून हेच पुन्हा करता आलं असतं. पण उकरल्यावर जमिनीलगत लाकडावर डांबराखाली ओलाव्याचा काळा पट्टा दिसला, तीन आठवड्यांतच. लाकूड कुजतं ते खोल जमिनीत नाही, जमिनीच्या रेषेवर, जिथे ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात. आणि खांबावर सगळ्यात जास्त जोरही तिथेच येतो. म्हणून ठरवलं की खांब मातीत नको, काढता-घालता येईल असा लोखंडी नळा काँक्रीटमध्ये बसवायचा.

चौदावा आठवडा: नळा आणि काँक्रीट

वेल्डरकडून ५ मिलिमीटर पत्र्याचा चौकोनी नळा करून घेतला. आतून १० × ६ सेंटिमीटर, लांबी ७५, दोन्ही तोंडं उघडी. बाहेरच्या बाजूला सळईचे चार तुकडे आडवे जोडले, म्हणजे नळा काँक्रीटमध्ये सरकत नाही. मापाचा कागद देताना ‘आतून’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिहा. वेल्डर सहसा बाहेरचं माप धरतो.

खड्डा ४० × ४० सेंटिमीटर, खोली ८०. तळाला १० सेंटिमीटर खडी. नळा खडीवर उभा, ५ सेंटिमीटर जमिनीच्या वर. तळ उघडा असल्यामुळे आत शिरलेलं पाणी खडीतून निघून जातं. खालचं तोंड काँक्रीट टाकताना कागदाचे बोळे आणि प्लॅस्टिकने बंद ठेवायचं, नंतर काढायचं.

काँक्रीट १:२:४. बारा लिटरच्या बादलीने मोजलं तर सिमेंट २ बादल्या, वाळू ४, खडी ८ आणि पाणी दीड बादली. एवढ्यात हा खड्डा भरतो. पन्नास किलोचं सिमेंटचं एक पोतं आणलं तर त्यातलं पंधराएक किलो उरतं. पाणी वाढवायचा मोह होतो, मिश्रण फावड्याला जड लागतं म्हणून. वाढवू नका, ताकद जाते. त्याऐवजी सळईने सगळीकडे टोचत राहा, पोकळ्या भरतात. नळा चारही बाजूंनी ओळंब्यात आहे ना हे भरताना दर थराला बघा. काँक्रीटच्या वजनाने तो हलतो, आणि अर्ध्या तासानंतर हलवता येत नाही.

उरलेल्या मिश्रणातून एका पत्र्याच्या डब्यात चिइशी, म्हणजे दांड्याला धरून फिरवायचं सरावाचं वजन, केला. डब्यात सुमारे पावणेदोन लिटर काँक्रीट, म्हणजे चार किलो, आणि मधे लाकडी दांडा. दांड्याच्या बुडणाऱ्या भागात आडवे तीन-चार खिळे मारलेच पाहिजेत, नाहीतर डोक्यावरून फिरवताना वजन निसटतं. मनगट तयार करायला माकिवाराच्या आधी हा वापरलेला बरा.

सात दिवस काँक्रीटवर ओलं पोतं ठेवलं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. पूर्ण २८ दिवस थांबलो. सात दिवसांनी ते दगडासारखं दिसतं आणि हात शिवशिवतात, पण तोवर ताकद साधारण दोन तृतीयांशच आलेली असते, आणि माकिवाराचा धक्का शांत वजन नसतो.

मधल्या चार आठवड्यांत: गादी

समोरच्या बाजूला १ सेंटिमीटर जाडीचा दाट फोम, चपलेच्या तळव्याला असतो तसला, ९ × २५ सेंटिमीटर. मऊ गादीचा स्पंज नको. तो पहिल्या ठोशाला दबून सपाट होतो आणि मूठ आत घसरते. फोमवरून तागाचा ८ मिलिमीटर जाडीचा दोर, खांबाभोवती वेढे एकाला एक चिकटून. २५ सेंटिमीटरला ३१ वेढे बसतात, एका वेढ्याला साधारण २७ सेंटिमीटर दोर लागतो, म्हणजे साडेआठ मीटर. गाठी आणि ताण धरून दहा मीटर घ्या. दोन्ही गाठी मागच्या बाजूला. समोर खिळा, स्टेपल, तार काहीही नको.

दोर ओला करून गुंडाळू नका. चामड्याच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण चामडं वाळताना आवळतं. तागाचा दोर उलटा वागतो. ओला झाला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. म्हणून आधी भिजवून, खाली वजन बांधून लटकवला, दोन दिवस पूर्ण वाळू दिला आणि मग कोरडाच गुंडाळला. दर वेढ्यानंतर लाकडी ठोकळ्याने ठोकून आधीच्या वेढ्याला टेकवला. नवीन दोराचे उभे राहिलेले तंतू काचेच्या कागदासारखे कातडी सोलतात, ते मेणबत्तीच्या ज्योतीवरून भरभर फिरवून जाळून घेतले, गुंडाळण्याआधीच. आवरण कॅनव्हासचं शिवलं, खाली साखळी आणि छोटं कुलूप. परवानगीतली अट पुरी झाली.

अठरावा आठवडा

खांब नळ्यात सोडला, खालचं टोक खडीवर पाच सेंटिमीटर आत टेकलं. चारही बाजूंना कठीण लाकडाच्या लांब पाचरी ठोकल्या. मागची-पुढची पाचर कमी-जास्त करून खांबाचं टोक दोन सेंटिमीटर आपल्याकडे झुकवलं. ठोशाने खांब मागे जातो तेव्हा गादी मुठीसमोर सरळ येते, बोटं वर घसरत नाहीत. मग टोकाला वजनकाटा अडकवून २० किलोपर्यंत ओढलं. ३.४ सेंटिमीटर. टेबलावरच्या ३.६ पेक्षा थोडं कमी, कारण नळा जमिनीच्या वर पाच सेंटिमीटर असल्याने मोकळी लांबी १२० झाली. तसंच ठेवलं.

पहिल्या दिवशी ठोसे नाहीत. तळहाताने ढकलून, मग तळहाताने मारून, आवाज ऐकायचा. चांगला माकिवारा एक बसका, भरीव आवाज करतो. करकर आली तर पाचर सैल आहे. पत्र्यासारखी झणझण आली तर लाकडात चीर आहे, तेव्हा थांबून बॅटरीच्या उजेडात समोरची बाजू तपासायची.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही हातांनी दहा-दहा, अर्ध्या जोराने. तर्जनी आणि मधलं बोट यांचीच मुळं गादीला लागली पाहिजेत, मनगट मागून-वरून कुठूनही बघितलं तरी सरळ. गादीला लागल्यावर मूठ झटकन मागे घ्यायची नाही. खांब दाबून धरायचा आणि तो परत येताना ढकलू पाहील तेव्हा पाठ, कंबर आणि मागची टाच यांनी तो धक्का जमिनीत जाऊ द्यायचा. हे जमलं की दोन-तीन आठवड्यांनी वीस, मग तीस. आकडा वाढवण्याची घाई कुणालाच मानवत नाही. बोटांच्या मुळांवर घट्टे पडणं हे काही प्रगतीचं माप नाही. कातडी फाटली तर ती पूर्ण भरेपर्यंत बंद. सांध्याला सूज आली, किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं, तर बंद आणि डॉक्टर. वाढीच्या वयातल्या मुलांच्या हाडांची टोकं अजून कूर्चेची असतात, त्यांना माकिवारा द्यायचा नाही, त्यांनी कितीही हट्ट केला तरी. सहा जण एकच गादी वापरतात म्हणून प्रत्येकाचं स्वतःचं सुती फडकं, ते गादीवर बांधून मारायचं. दोरात रक्त मुरलं तर ते धुऊन निघत नाही, दोर बदलावा लागतो.

खर्चाचे चार वाटे केले तर दोन लाकडाचे, एक नळ्याचा आणि उरलेल्या एकात सिमेंट, वाळू, खडी, दोर, तेल, कॅनव्हास. हत्यारं मागून आणली. दोनदा खोदण्याची मजुरी घरचीच होती, म्हणून तिचा हिशेब नाही, पण पहिल्यांदाच नळा बसवला असता तर तीन आठवडे वाचले असते.

आता दर पंधरा दिवसांनी पाचरी ठोकून बघायच्या, महिन्यातून एकदा २० किलोचं माप. ते हळूहळू वाढणारच, लाकूड थकतं. पण एका महिन्यात अचानक अर्धा सेंटिमीटर वाढलं तर खांब बाहेर काढून नळ्याच्या तोंडाजवळची जागा तपासायची. पहिल्या दोन महिन्यांत माप ३.४ चं ३.५ झालंय. दुसरी फळी टोकांना मेण लावून ठोकळ्यांवर ठेवलीय, काल तिचं वजन ७.८ होतं.